कोपऱ्यात लपवलेलं शटडाउन

नानांचा प्रश्न साधा होता. नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. कमिटीतल्या एकाचं म्हणणं, घेतोच आहोत तर टचस्क्रीनवाला ऑल-इन-वन घेऊ, म्हणजे पडदा आणि मशीन एकाच डब्यात. संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर नानांनी हे सांगितलं आणि पुढचा तासभर दुसरा विषय निघाला नाही.

"हिशेबाच्या मशीनला टच अजिबात नको," पीसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा लगेच म्हणाला. "विंडोज ८ आठवा. सगळ्या जगाच्या टेबलावर टॅब्लेटचं सॉफ्टवेअर आणून ठेवलं होतं."

"दोष टचचा नव्हता," डिझाइनवाली म्हणाली. ऐरोलीत एका कंपनीसाठी ती दिवसभर ॲपच्या स्क्रीन आखते. "आयपॅड २०१० ला आला. बोटाने चालणारी विंडोज आणणं मायक्रोसॉफ्टला भागच होतं. चूक झाली ती दिसणाऱ्या गोष्टी लपवल्या तिथे."

"म्हणजे तेच ना?"

"तेच नाही. नीट ऐक."

विंडोज ८ बाजारात आली २६ ऑक्टोबर २०१२ ला. ऑगस्ट १९९५ पासून खाली डाव्या हाताला असलेलं स्टार्ट बटण त्यात काढून टाकलं होतं. मशीन सुरू झालं की डेस्कटॉपऐवजी पडदाभर रंगीत टाइल्स. आणि मशीन बंद करायचं तर कर्सर उजवीकडच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात न्यायचा, क्लिक न करता थांबायचं, कडेने पाच चिन्हांची पट्टी हलकेच उमटली की कर्सर कडेला धरूनच सरळ वर किंवा खाली न्यायचा, त्यातलं सेटिंग्ज दाबायचं, मग पॉवर, मग शटडाउन. कर्सर जरा तिरका गेला तर पट्टी गायब, पुन्हा पहिल्यापासून. यातली एकही पायरी पडद्यावर कुठे लिहिलेली नव्हती. ज्याला कोणी दाखवलं नाही त्याने थेट पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद केलं, आणि असं चालू मशीन मारलं की उघड्या असलेल्या फायलींचं नुकसान होतं.

"आता हीच पट्टी टॅब्लेटवर बघ," डिझाइनवाली म्हणाली. "टॅब्लेट दोन्ही हातांनी धरला की उजवा अंगठा उजव्या कडेवरच असतो. तो नुसता आत सरकवला की पट्टी बाहेर. तिथे ती जागा एकदम बरोबर होती. त्यांनी अंगठ्याची जागा माउसला दिली."

दुरुस्तीवाल्याने मान हलवली, पण मुद्दा सोडला नाही. "कोपरा माउसलाही सोपाच असतो. कर्सर भिरकावला की कोपऱ्यात जाऊन अडतो, नेम धरावा लागत नाही."

"एकच मॉनिटर असेल तर!" तिने नानांच्या हातातला पेपर घेतला आणि उघडून कट्ट्यावर पसरला. "हे डावं पान एक मॉनिटर, हे उजवं दुसरा. डाव्या पानाचा उजवा वरचा कोपरा आता कुठे आला? मधल्या घडीवर. तिथे कर्सर अडेल कसा? सरकून शेजारच्या पानावर जातो." तिने बोट घडीवरून दोनतीनदा फिरवून दाखवलं. दर वेळी ते पलीकडे गेलं. "हे त्यांनाही कळलं होतं. म्हणून घडीवर कोपऱ्यापाशी ६ पिक्सेल उंचीचा एक अडसर ठेवला. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ६ पिक्सेल म्हणजे दीड-पावणेदोन मिलिमीटर. दिवसभर काम करणाऱ्याने तेवढ्यावर नेम धरायचा?"

रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दूरचं मशीन आपल्या पडद्यावर दाखवणारी, खिडकी छोटी करून काम करणाऱ्यांचे तर याहून हाल. खिडकीचा कोपरा म्हणजे पडद्याचा कोपरा नव्हे, त्यामुळे कर्सर बाहेरच पडायचा.

नानांनी पेपराची घडी घातली. "पण माझ्या मशीनवर बंद करायचं बटण समोर दिसतं, वरती."

"तुमच्याकडे ८.१ आहे, त्याचा पुढचा अपडेट घातलेली," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने क्रम सांगितला. १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ आली, तिच्यात स्टार्टचं चिन्ह परत आलं. पण ते दाबलं की जुना मेन्यू उघडत नव्हता, पुन्हा त्याच टाइल्स. त्या बटणावर राइट क्लिक केलं की मात्र शटडाउन मिळायचं. शिवाय टास्कबारवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, नॅव्हिगेशन, तिथे एक खूण केली की मशीन सरळ डेस्कटॉपवर उघडायचं आणि दुसरी काढली की वरच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी त्रास देणं थांबायचं. पॉवरचं बटण टाइल्सच्या पडद्यावर आलं ते ८ एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये. त्याच दिवशी एक्सपी या जुन्या विंडोजचा सपोर्ट संपला. एक्सपी सोडून येणाऱ्या माणसाला दीड वर्षं उशिरा ते बटण मिळालं, हे त्याला अजून सहन होत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

त्या अपडेटच्या आधी टाइलवाल्या ॲप्सना बंद करायची फुलीसुद्धा नव्हती. मेलमधून आलेल्या बिलाची पीडीएफ उघडली की पडदाभर रीडर पसरायचा, खालचा टास्कबार नाहीसा. बाहेर पडायचं तर कर्सर अगदी वरच्या कडेला न्यायचा, कर्सरचं चिन्ह हाताचं झालं की डावं बटण दाबून धरायचं आणि सगळं ॲप ओढत पडद्याच्या तळापर्यंत आणून सोडायचं. बोटाने हे होतं. माउसने २४ इंचावर तेवढं ओढताना पॅडची जागा संपायची. ऑल्ट आणि एफ४ माहीत असलेला माणूस सुटायचा, बाकीचे अडकायचे. कायमचा उपाय डिफॉल्ट प्रोग्रॅम बदलण्याचा होता, पीडीएफ आणि फोटो डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायचे.

"आणि दोन दोन इंटरनेट एक्सप्लोरर," दुरुस्तीवाला म्हणाला. "टाइलवाल्यात जावा चालत नव्हतं. तेव्हा डिजिटल सिग्नेचरची कामं जावावर. माणूस टाइल दाबून साइट उघडणार, सही होणार नाही, आणि त्याला वाटणार डोंगल बिघडलं."

इथे डिझाइनवालीने ठामपणे दुसरी बाजू धरली. विंडोज ८ मध्ये आतून खूप चांगलं काम झालं होतं, असं ती म्हणाली. कोणतं सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना वेळ खातं ते दाखवणारा नवा टास्क मॅनेजर, मोठी फाइल कॉपी होताना मध्येच थांबवायची सोय, आयएसओ फाइल (सीडी-डीव्हीडीची फाइलरूपातली नक्कल) डबल क्लिकने उघडणं, अँटिव्हायरस आतच. हे सगळं आपण आजही वापरतो. लोकांनी टाइल्सच्या रागापायी यातलं काही पाहिलंच नाही, याचं तिला वाईट वाटतं.

"मशीन लवकर सुरू होतं, तेही तिथलंच," दुरुस्तीवाला म्हणाला, "आणि त्यातच मोठा घोळ आहे." नाना पुढे सरकले, कारण त्यांच्या प्रिंटरची तक्रार रोजची. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, अडकला असेल तर तो अडकलेलाच परत येतो, दहा वेळा शटडाउन केलं तरी. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून प्रिंटर दिसेना झाला की शटडाउन नाही, रीस्टार्ट. फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणं काय करतात ते निवडा, वरची ओळ दाबून करड्या खुणा मोकळ्या करा, आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर चारदोन सेकंदांचा फरक पडेल, तेवढंच. हे ११ मध्येही तसंच आहे.

"मग टच घ्यायचा की नाही?" नाना.

या बाबतीत दोघांचं एकमत निघालं, कारणं वेगळी. तिने मापं सांगितली. बोटाला नीट दाबता यावं म्हणून बटण कमीत कमी ७ मिलिमीटर लागतं, नेमकं काम असेल तर ९. एक्सेलची नेहमीची ओळ २० पिक्सेलची, म्हणजे २४ इंची पडद्यावर साडेपाच मिलिमीटर. बोट ठेवलं की दोन ओळी झाकल्या. ओळी मोठ्या केल्या तर मेंटेनन्सची यादी एका पडद्यावर मावत नाही. त्यात पडदा उभा, हातभर अंतरावर. हात अधांतरी धरून पाच मिनिटं काम केलं की खांदा भरून येतो. दुरुस्तीवाल्याचं कारण सरळ होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली कीबोर्डवर चालतं, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल. तिथे बोट लावायचंय कशाला? आणि ऑल-इन-वनचा पडदा गेला की सगळं मशीनच दुकानात. मॉनिटर वेगळा असला तर दुसरा लावून दहा मिनिटांत काम सुरू.

विंडोज १० मध्ये, २९ जुलै २०१५ ला, स्टार्ट मेन्यू परत आला, ती कोपऱ्यातली पट्टी गेली, आणि टॅब्लेटसाठी वेगळा मोड आला, हवा तर चालू करायचा. डिझाइनवालीच्या मते हाच निवाडा २०१२ ला व्हायला हवा होता. पण ११ मध्ये लपवणं परत सुरू झालंय, हे तिनेच आधी म्हटलं. राइट क्लिकचा मेन्यू छोटा केला, निम्म्या गोष्टी "शो मोअर ऑप्शन्स"च्या मागे. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की पूर्ण मेन्यू येतो. स्टार्ट बटण मधोमध गेलं, आणि नवी खिडकी उघडली की आजूबाजूची चिन्हं सरकतात तसं तेही जागा बदलतं. वीस वर्षं हात ज्या कोपऱ्यात जातोय तिथे ते नसतं.

"ते डावीकडे आणता येतं का?" नानांनी खिशातून छोटी डायरी काढली.

"सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेव्हियर्स, त्यात अलाइनमेंट लेफ्ट," दुरुस्तीवाल्याने सावकाश सांगितलं. "आणि लिहून घ्या, जुन्या मशीनवर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करायचं, मगच नव्यावर चालू करायचं. त्याच्याही आधी डेटाचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि दोन्ही दुसऱ्या मशीनवर उघडून बघा."

नानांनी 'दोन' खाली रेघ मारली.