मालिशवालीची पावती

माझा मामेभाऊ चाळिशीला आलाय. जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो, आणि आता नोकरी सोडून ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याचा, डिप्लोमा करायचं म्हणतो. घरच्या ग्रुपवर त्यानं हे टाकलं त्याच रात्री अमळनेरहून मामांचा व्हॉइस मेसेज आला: "इतलं शिकीसन आते लोकेसना पाय दाबशी का?" मग धुळे, चाळीसगाव, पुणे, सगळीकडून मतं येऊ लागली. कुणी त्याच्या मुलीच्या फीची आठवण करून दिली, कुणी लग्नाच्या बाजारातली तिची किंमत काढली (मुलगी सातवीत आहे). शेवटी एका वहिनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ताईंनी कॅनडात कॉम्प्युटरची नोकरी सोडून हेच केलं ना? तिकडे श्रमाला प्रतिष्ठा आहे. आपल्याकडे मानसिकताच नाही."

वहिनी माझ्या बाजूनं बोलत होत्या, तरी मला ते पटलं नाही. मी कॅनडात टोरांटोशेजारच्या मिसिसागात मसाज थेरपिस्ट आहे. इथल्या लोकांची मनं आपल्यापेक्षा मोठी आहेत म्हणून माझं चालत नाही. चालतं ते पावतीमुळे.

आमच्या ऑन्टारियो प्रांतात 1991 पासून मसाज थेरपीचा स्वतंत्र कायदा आहे. साधारण 2,200 तासांचं शिक्षण, परीक्षा, मग सरकारमान्य परिषदेत नोंदणी. नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. हा क्रमांक माझ्या प्रत्येक पावतीवर छापलेला असतो. पेशंट ती पावती आपल्या कंपनीच्या विमा योजनेकडे पाठवतो आणि तासाला शंभर डॉलरच्या वर दिलेल्या पैशातला बराचसा भाग परत मिळवतो. सरकारी आरोग्य योजना मसाजचा एक डॉलरही देत नाही. ज्यांच्या नोकरीत विमा आहे ते वर्षाची मर्यादा संपेपर्यंत येतात आणि डिसेंबरात तर रांग लागते, कारण उरलेली मर्यादा पुढच्या वर्षी चालत नाही. ज्यांच्याकडे विमा नाही, म्हणजे गोदामात खोकी उचलणारी आपलीच पंजाबी आणि गुजराती पोरं, ती येत नाहीत. पाठ त्यांचीच जास्त गेलेली असते. प्रतिष्ठा म्हणतात ती अशी आहे.

आणि ती पूर्ण आहे असंही नाही. टोरांटो महापालिका 'बॉडी रब पार्लर'ना (कामुक मालिशच्या दुकानांना) वेगळा परवाना देते, आणि त्या दोन धंद्यांतला फरक न कळलेले, किंवा मुद्दाम न कळलेले, फोन मलाही येतात. मराठी मंडळाच्या गणपतीत माझी ओळख "ही हेल्थकेअरमध्ये आहे" अशी करून दिली जाते. करून देणारी बाई माझी नियमित पेशंट.

कायद्याचा काच आपल्या लोकांना ठाऊक नसतो. पेशंटच्या अंगावरची चादर किती सरकवायची, हे विचारून आणि लिहून ठेवावं लागतं. पेशंटशी शरीरसंबंध म्हणजे परवाना गेला, आणि त्यातून लग्नाचं नातंही सुटत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याची मान आखडली की तो दुसऱ्या थेरपिस्टकडे जातो आणि तिथून तिचं कौतुक करत येतो. कुणावर कारवाई झाली तर ती त्याच्या नावासमोर परिषदेच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येते. एखाद्या बाईनं अनोळखी माणसासमोर निर्धास्त पालथं झोपावं यासाठी एवढं सगळं लागतं. निव्वळ उदार मनानं ते झालं नसतं.

आता घरचे वाद बघा. 2025 च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी नावापुढे डॉक्टर लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत घ्यायचं की नाही यावरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. औषधं लिहून देण्याचा प्रश्न गंभीर आहे, त्यात संप करणाऱ्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण माझ्या ग्रुपवर दोन्ही बातम्यांवर जी हाणामारी झाली ती सगळी नावाच्या पाटीवर. दुखणारी पाठ कुणी धरायची, किती वेळ धरायची, त्याचे पैसे कोण देणार, हे कुणी विचारलं नाही.

गंमत म्हणजे सुयांच्या बाबतीत महाराष्ट्र देशात पुढे आहे. ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा राज्याचा कायदा आहे, नोंदणीसाठी परिषद आहे, आणि 2019 मध्ये केंद्रानंही या पद्धतीला मान्यता दिली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि कलकत्त्याला घेऊन आले. म्हणजे भाऊ जे शिकू पाहतोय ते काही कालपरवाचं फॅड नाही. उलट इथे, 2022 मध्ये ऑन्टारियो सरकारनं चिनी वैद्यक आणि ॲक्युपंक्चरची परिषदच गुंडाळायचं विधेयक आणलं होतं. लोकांनी आरडाओरड केल्यावर काही दिवसांत माघार घेतली. करांचं तर्कटही तसंच. 2014 पासून ॲक्युपंक्चरिस्टच्या बिलावर विक्रीकर नाही, माझ्या बिलावर 13 टक्के आहे. का, ते ओटावातल्या केंद्र सरकारलाच ठाऊक.

सुया चालतात का, हेही भावाला कुणी विचारलं नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2007 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. खऱ्या ॲक्युपंक्चरनं 47.6 टक्के लोकांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी 44.2 टक्क्यांना. गोळ्या, व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. एका बाजूचे लोक पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, दुसऱ्या बाजूचे पहिला आणि दुसरा. मी तिन्ही घेऊन बसते. सुया नेमक्या कुठे टोचायच्या त्या बिंदूंच्या नकाशावर माझा फारसा विश्वास नाही. पण अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन आपल्या कंबरेकडे बघणं, आठवड्यातून दोनदा, याची किंमत त्या आकड्यांत कुठेतरी आहेच. म्हणून भावाला म्हटलं, कंबर-मान-गुडघे यावर काम कर, डायबेटिस बरा करतो अशी पाटी लावलीस तर मामांच्या आधी मी भांडेन.

मालिशला मात्र महाराष्ट्रात असलं रजिस्टर नाही. आमच्या गल्लीत बाळंतिणीकडे सव्वा महिना येणारी मावशी होती. पहाटे तेल कोमट करून बाळंतिणीच्या पोटऱ्या, मांड्या, कंबर अशी चढत जायची, मग कडकडीत पाणी, मग शेगडी आणि ओव्याची धुरी. पिंडरीवर हात कुठल्या दिशेनं न्यायचा हे तिला जे ठाऊक होतं ते मी इथे हजारो डॉलर भरून शिकले. ती बाळाच्या नाकात तेलही सोडायची, जे करू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगून थकले. ते तिला समजावणारं कुणी नव्हतं, कारण तिचं शिक्षण कुणी मोजलंच नाही. तिला पायलीभर दादर ज्वारी, एक साडी आणि नारळ मिळे. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, मुरगळलं की हाडवैद्य, डोकं चढलं की सलूनमधली चंपी. हात लावणाऱ्यांची जात सगळ्यांना पाठ असायची. मामांच्या 'पाय दाबशी का' मध्ये मानसिकता आहे ती ही. ती आहेच, नाकारत नाही. पण मावशीच्या हातात क्रमांक छापलेली पावती असती आणि तिचे पैसे कुणी भरून देत असतं, तर मामांच्याच घरातल्या दोन पोरी त्या कोर्सला गेल्या असत्या. नर्सिंगला नाही का गेल्या? तीस वर्षांपूर्वी नर्सिंगबद्दल घरात काय बोललं जायचं ते मला आठवतं.

भावाला मी पगाराचं गुलाबी चित्र दाखवलेलं नाही. हातानं करायचं काम आठवड्याला वीस-पंचवीस तासांच्या वर झेपत नाही. माझ्या वर्गात एक आचारी होता, एक बँकेतली बाई होती, दोघंही आता हे काम करत नाहीत. अंगठे गेले. सुयांना अंगठे लागत नाहीत, त्या अर्थी त्याची निवड माझ्यापेक्षा शहाणी आहे. कोर्स घेण्याआधी तो राज्याच्या परिषदेच्या यादीत आहे का, हे बघायला सांगितलं. सहा आठवड्यांत सर्टिफिकेट देणारे बरेच आहेत.

त्याचा बेत जळगावात रिंग रोडला गाळा घेण्याचा आहे. तिथे स्पाच्या पाट्या लागल्यात, त्यांच्या शेजारी हाही. माझं म्हणणं, आठवड्यातले दोन दिवस तरी सावदा-रावेरकडे बस. केळीचे घड डोक्या-खांद्यावरून बांधापर्यंत वाहणारी माणसं तिथे आहेत, इकडे चोपड्याच्या बाजूला दिवाळीपासून कापूस वेचणाऱ्या बायका आहेत. दुखलं की त्या एक इंजेक्शन मारून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात. गिऱ्हाईक तिथे आहे, पैसे नाहीत. सरकारची जनआरोग्य योजना इस्पितळात दाखल झालात तर उपयोगी, अशा बसून घ्यायच्या उपचारांना नाही. तो म्हणाला, "ताई, एका सिटिंगचे तीनशे घेतले तर रोजंदारीवरची बाई दुसऱ्यांदा येईल का?" मी म्हटलं, नाही येणार. शंभर घे, आणि रिंग रोडवाल्यांकडून आठशे घे. त्यानं कॅल्क्युलेटर काढला. गाळ्याचं भाडं, सुया, एसटीचा खर्च धरून महिन्याला त्याच्या आत्ताच्या पगारापेक्षा चार हजार कमी पडत होते. ते चार हजार कुठून आणायचे यावर आमचं अजून चालू आहे.