विलायतेच्या नाक्यावर हमखास अडकण्यासाठी

गेल्या रविवारी ठाण्यात तीन हात नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये दोन तास वाया गेले. बाहेर फ्लेक्स होता, ‘ब्रेक्झिट! भारतीयांसाठी सुवर्णसंधी!’ आत एसी, समोसे आणि कोट घातलेले एक सर. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, युरोपियन लोक परत गेले, जागा रिकाम्या पडल्यात, आता तिथे आपलीच पोरं, वगैरे. मागून कोणीतरी विचारलं, ‘सर, शेंगेन काढलं तर लंडन त्यातच येतं ना?’ सर म्हणाले, ‘होऊन जाईल.’ टाळ्या पडल्या. (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा.)

तर ज्यांना ‘होऊन जायला’ हवं आहे, त्यांच्या सोयीसाठी चार सूचना. मनापासून पाळल्यात तर डोव्हरच्या बंदरावर, डब्लिनला किंवा गेला बाजार मुंबईत सहार विमानतळाच्या काउंटरवर तरी नक्की अडकाल.

पहिली म्हणजे एकच व्हिसा काढा. दोन फायली, दोनदा फी, दोनदा बोटांचे ठसे, एवढा वेळ आहे कोणाला? ‘पूर्वी एकाच व्हिसावर सगळं व्हायचं, ब्रेक्झिटने वाट लावली,’ असं तुमचे साडू सांगतात आणि साडू २०१४ साली सहल करून आलेत, म्हणजे त्यांना माहीत असणारच. (ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं. युरोपीय संघात होतं तेव्हाही नव्हतं. आपल्याला तेव्हाही दोन व्हिसे लागायचे, आताही दोनच लागतात. आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण संघात नाही. पण कंसातलं कोण वाचतं, पुढे चला.)

समजा दोन काढलेच, तर शेंगेनचा सिंगल एंट्रीचा घ्या आणि सहल अशी आखा: मुंबईहून पॅरिस, पॅरिसहून लंडन, मग आगगाडीने ॲमस्टरडॅम आणि तिथून परतीचं विमान. पॅरिस सोडून लंडनला निघालात त्या क्षणी तुमची एकुलती एक एंट्री संपली. स्टिकरवर तारीख अजून दहा दिवस पुढची दिसत असते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. एंट्रीच्या रकान्यात ०१ म्हणजे एकदाच लिहिलंय की मल्ट म्हणजे अनेकदा, हे बघायचं कोणी? सोय मात्र चांगली आहे. फ्रेंच पोलीस लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातच बसतात, त्यामुळे परत फिरायला फार लांब जावं लागत नाही. ॲमस्टरडॅमचं हॉटेल आणि परतीचं विमान बुडतं तेवढंच.

अर्ज ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळेल त्या देशाकडे करा. मुक्काम सगळा इटलीत आणि अर्ज भलत्याच देशाकडे. जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे, असा नियम आहे. पण एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधून पाहिलेल्या माणसाला नियम सांगू नये, तो चावेल. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी परत मिळत नाही.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा मागतात. तुम्ही आधारच्या वेळचाच चिकटवा.

बेलफास्टला गेलात तर सरळ डब्लिनच्या बसमध्ये बसा. बेलफास्ट ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडात, डब्लिन आयर्लंड या वेगळ्या देशात. दोघांमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, आणि तिच्यावर ना गेट, ना वॉचमन. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांतून किलोमीटरवर गेल्या की समजायचं, देश बदलला. ही सीमा अशी उघडी ठेवायची म्हणूनच तर ब्रिटन आणि संघ इतकी वर्षं डोकी फोडत बसले आणि मालाची तपासणी शेवटी समुद्रावर नेली. म्हणजे स्कॉटलंडहून बेलफास्टला, आपल्याच देशात, माल पाठवायचा तर कागद. ब्रिटन आणि संघ यांच्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने त्यातले काही कागद कमी केले, सगळे नाहीत. आता गेट नाही म्हणजे व्हिसाही लागत नसणार, असं कोणाही शहाण्या ठाणेकराला वाटेल. आयरिश पोलीस मधूनच बस थांबवून पासपोर्ट बघतात तेव्हा ते वाटणं बंद होतं. ब्रिटनच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) असा शेरा असेल तरच तो आयर्लंडमध्ये चालतो, आणि तोही आधी ब्रिटनमध्ये उतरून मग गेलात तर.

शेंगेनच्या नव्वद दिवसांचा हिशोब रिक्षाच्या मीटरसारखा करा. एक दिवस बाहेर गेलं, परत आलं, मीटर पुन्हा शून्यावर! प्रत्यक्षात कुठल्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे असतात आणि त्यात ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. ज्या दिवशी उतरलात तो दिवस धरायचा, ज्या दिवशी निघालात तोही धरायचा. या हिशोबात आपल्याआधी ब्रिटिशांनीच मार खाल्ला. स्पेनमध्ये घर घेऊन अख्खा हिवाळा तिकडे काढणारे पेन्शनर १ जानेवारी २०२१ पासून नव्वद दिवसांचे पाहुणे झाले. त्यांच्या पासपोर्टचा आणखी एक विनोद आहे. २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तिकडे पासपोर्टचं नूतनीकरण करताना जुन्याचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात जोडून मिळायचे. संघ म्हणतो, प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट निघून दहा वर्षं झालेली नकोत. मुदत शिल्लक, पण दहा वर्षं उलटलेली, आणि मंडळी बॅगांसकट विमानतळावरून घरी. सीमा यांनीच मागितली होती! आणि पूर्वी शिक्का पुसट असला तर निभावून जायचं, तेही गेलं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रणा सुरू झाली, ती दिवस स्वतःच मोजते. तिला ‘साहेब, जरा ॲडजस्ट करा’ म्हणता येत नाही.

खाऊ भरपूर न्या. राम मारुती रोडवरून पेढे घ्या, घरचं तूप डब्यात ओता, वर चिकटपट्टी लावा. संघाबाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दूधदुभतं न्यायला बंदी आहे, म्हणून तर जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनहून बोटीने हॉलंडला उतरलेल्या ड्रायव्हरांच्या हातची हॅम सँडविचेस डच कस्टमवाल्यांनी काढून घेतली. आदल्या महिन्यापर्यंत तेच सँडविच चालत होतं. पेढा त्याच रांगेत उभा आहे. बाकरवडी, चकली बिचाऱ्या सुटतात.

आणि हापूस? आईने कापडात गुंडाळून दिलेले चार हापूस ‘पर्सनल यूज’ म्हणून नेता येतील, अशी खात्री बाळगा. फळमाशी सापडली म्हणून मे २०१४ पासून संघाने आपला आंबा बंद केला होता, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. आता निर्यातीचा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटं बुडवून काढतात, मग वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, मग खोका. वाशीत हे काम करणाऱ्यांना विचारा, पाणी दोन अंश कमी पडलं तर माशीची अंडी जगतात आणि जास्त तापलं तर साल डागाळते. तुमच्या आईच्या आंब्याला कुठलं प्रमाणपत्र? निर्यातदारांचं दुखणं आणखी वेगळं. पूर्वी माल रॉटरडॅमला उतरवायचा आणि उरलेला निमूट इंग्लंडला पाठवायचा, मध्ये कोणी विचारत नसे. आता मधे पुन्हा कस्टम, पुन्हा घोषणापत्र, संघाचा ईओआरआय (कस्टमसाठी व्यापाऱ्याचा ओळख) नंबर वेगळा, ब्रिटनचा वेगळा. एकाच्या जागी दुसरा लिहा, माल तिथेच पिकतो.

तिकडे आधीच राहणाऱ्यांसाठीही एक युक्ती आहे. सुट्टीत घरी आलात की वागळे इस्टेटला जाऊन पासपोर्ट नवा करा आणि नवा नंबर ब्रिटनच्या ऑनलाइन खात्यात मुळीच भरू नका. तिथे राहण्याच्या परवान्याची प्लास्टिकची बीआरपी कार्डं ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली, आता व्हिसा म्हणजे खात्यातली एक नोंद, आणि ती जुन्या पासपोर्टला चिकटलेली. पहाटे तीन वाजता सहारच्या काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघते, मग तुमच्याकडे बघते, मग सुपरवायझरला हाक मारते.

आता एजंट.

पैसे रोख द्या. पावती मागू नका, सरांना वाईट वाटतं. ‘सीओएस’ (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप) नावाचं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट देतील, त्याची लॅमिनेटेड कॉपी करून ठेवा. खरा सीओएस म्हणजे कंपनीने ब्रिटिश गृहखात्याच्या यंत्रणेत तयार केलेला एक क्रमांक असतो, त्याला ना किनार ना शिक्का. एप्रिल २०२५ पासून त्याची फी ५२५ पौंड झाली, ती कंपनीने भरायची. ३१ डिसेंबर २०२४ पासून ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. परदेशी कामगार आणल्याबद्दल कंपनी सरकारला भरते ते कौशल्य शुल्क तर कामगाराच्या डोक्यावर कधीच टाकता येत नव्हतं. मग सर ‘सीओएसचे इतके लाख’ म्हणतात ते कशाचे? कोणी विचारलं? त्या हॉलमध्ये दीडशे माणसं होती, त्यांतल्या एकाने तरी विचारलं? आपल्याकडे १९८३ चा स्थलांतर कायदा आहे, परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. तीस हजार! आणि इथे बायकोच्या बांगड्या गहाण टाकून लोक ‘टोकन’ देतायत.

आणि विकतात काय, तर बंद झालेलं दार. ऐका. युरोपातून मुक्त ये-जा थांबली, वृद्धाश्रमांना माणसं मिळेनात, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना व्हिसा खुला केला. मग ज्यांच्याकडे रुग्ण नाहीत, पाळ्या नाहीत, अशाही कंपन्यांनी परवाने काढले. पोरी इथून लाखो रुपये भरून गेल्या, तिथे काम आठवड्यातून एखादी पाळी, किंवा तेही नाही. कंपनीचा परवाना रद्द झाला की नवी कंपनी शोधायला ६० दिवस, नाही तर परत. ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेणं बंद. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद. बंद म्हणजे बंद! तरी फ्लेक्सवर ‘केअरगिव्हर, १०० टक्के व्हिसा’ आहेच, आणि खाली साईबाबांचा फोटो.

इतर कुशल कामगारांची पगाराची साधारण अट त्याच तारखेपासून ४१,७०० पौंड झाली आणि काम पदवीच्या दर्जाचं हवं. विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून इतर अभ्यासक्रमांत बायको-मुलं नेता येत नाहीत. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायची दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्ष होणार आहेत. नोकरीच्या व्हिसावर आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि तो जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा आधीच भरायचा. तीन वर्षांसाठी नवरा, बायको, एक मूल: ८,५३८ पौंड. व्हिसाची फी वेगळी. हा आकडा त्या दोन तासांत एकदाही उच्चारला गेला नाही. उलट सल्ला काय, तर ‘मेहुण्याकडून आठ दिवस खात्यात पैसे ठेवून घ्या.’ विद्यार्थ्याच्या खात्यात ते सलग २८ दिवस असावे लागतात. आणि खोटा कागद लावलेला सापडला तर दहा वर्षांची बंदी, ती पोरावर, सरांवर नाही.

मला राग एजंटचा कमी आहे. तो धंदा करतो. राग तुमचा आहे. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीवरून पाच रुपये सोडत नाही तुम्ही, आणि इथे दहा वर्षांची कमाई एका फ्लेक्सकडे बघून देता? आणि चहाच्या वेळी तुम्हीच म्हणत होतात, ‘ब्रिटिशांनी बरोबर केलं, बाहेरच्यांना आवरलंच पाहिजे, आपणही मुलुंड चेकनाक्यावर परमिट लावायला हवं.’ मुलाची फाईल मांडीवर ठेवून म्हणत होतात! तिकडे बाहेरचा कोण आहे, कळतंय का? तिथल्या ५१.९ टक्के मतदारांनी संघातून बाहेर पडा म्हणून मत दिलं, त्यात माणसं आवरण्याची आशा होती, आणि २०२३ च्या मध्यापर्यंतच्या एका वर्षात तिथली निव्वळ आवक नऊ लाखांवर गेली. मग जे घाबरून दरवाजे लावले, त्यांत तुमचा पोरगा सापडलाय.

आणि नाका म्हणजे काय हे ठाण्याच्या माणसाला सांगायचं? आनंदनगर टोलनाक्यावर काढलेल्या संध्याकाळी विसरलात? ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल बंद झाला तेव्हा पेढे वाटले होते तुम्ही. डोव्हरला जुलै २०२२ मध्ये गाड्या तासन् तास उभ्या होत्या. एक कारण म्हणजे ब्रेक्झिटनंतर प्रत्येक पासपोर्ट उघडून शिक्का मारावा लागत होता, आणि मारणारी माणसं अपुरी. एका गाडीमागे एखादं मिनिट वाढलं की मागे काय होतं, हे तुम्ही घोडबंदरच्या सिग्नलवर रोज बघता.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची यादी आहे. फुकट आहे. ऑफर लेटरवरचं नाव त्यात टाकून बघा, पाच मिनिटं लागतात. मग ई-मायग्रेटवर सरांचं नाव टाका. दोन्हीकडे काही निघालं नाही तर बांगड्या सोडवून आणा, आणि टोकन परत मागायला जाताना चारचौघांना बरोबर न्या, कारण तो हॉल पुढच्या रविवारी नेरुळला असणार आहे.