‘घरात कुणाला शुगर नाही ना? मग निर्धास्त राहा’

लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांच्या पालकांत सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मधुमेह रक्तातूनच येतो, म्हणून घरात कुणाला नसेल तर मुलाला भीती नाही. घरात असेल तर तो टळत नाही. आणि जीन टेस्ट केली की निकाल लागला.

यातला पहिला दावा सगळ्यात घातक, कारण तो वाचून लोक तपासणीच सोडतात. अमेरिकेतल्या चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडीने २००९ मध्ये साडेआठ हजारांवर बऱ्या झालेल्यांची तुलना भावंडांशी केली. भावंडं, म्हणजे रक्त एकच! तरी वय-वजन हिशेबात धरूनही मधुमेहाची शक्यता १.८ पट निघाली. पोटाला शेक (म्हणजे रेडिएशन) घेतलेल्यांत ३.४ पट, सर्वांगाला घेतलेल्यांत बारा पटींवर.

असं का? स्वादुपिंडाची शेपटी डावीकडे, प्लीहेला टेकून असते आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशींची दाटी तिथेच. माझ्या भाचीला डाव्या किडनीचा विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा किडनीचा कॅन्सर, होता. तिच्या उपचारांच्या कार्डावर एक ओळ आहे: डावी कूस, १०.८ ग्रे. (ग्रे म्हणजे शेकाची मात्रा मोजायचं एकक.) फ्रान्स-ब्रिटनमधल्या २०१२ च्या अभ्यासात शेपटीवर १० ग्रे किंवा जास्त मात्रा पडलेल्यांना धोका अकरा पटींवर दिसला. आमच्या घरात तर शुगर कुणालाच नाही.

‘टळतच नाही’ हेही खोटं. जनुकांचा वाटा आहेच. काही जनुकीय फरकांचा परिणाम अल्किलेटिंग नावाच्या औषध-गटातली केमो घेतलेल्यांत जास्त दिसतो, असं २०२४ मध्ये अमेरिकेतच आढळलं. पण वाटा म्हणजे विधिलिखित नव्हे. (ल्युकेमियाच्या उपचारात स्टेरॉइड आणि ॲस्पॅराजिनेज या औषधांनी चढलेली साखर बहुधा नंतर उतरते, ती गोष्ट वेगळी.)

जीन टेस्टचं म्हणाल, तर जनुकांवरून धोका सांगणारे बहुतेक स्कोअर युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले. आपल्याकडे ते तितके चालत नाहीत, आणि शेक कुठे दिला हे त्यांना ठाऊक नसतं. पोटाला किंवा सर्वांगाला शेक झाला असेल, तर दर दोन वर्षांनी उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करा, असं अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपचं सांगणं आहे. मुलगा अंगाने बारीक असला तरीही. मुंबईत टाटा मेमोरियलचं ॲक्ट क्लिनिक १९९१ पासून अशा बऱ्या झालेल्या मुलांसाठीच आहे.

भाचीच्या कार्डावरची शाई पुसट झाली होती. ताईने झेरॉक्स काढली, आणि कार्डाचा फोटो आता भाचीच्याच मोबाइलमध्ये आहे.