मनगटं दोन, घड्याळं एकवीस

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: वेळ. वेळ बघायची तर खिशात मोबाइल आहे, भिंतीवर घड्याळ आहे, मायक्रोवेव्हवरही ती लुकलुकत असते. आपल्याला घड्याळं जमवायची आहेत. त्यांचा वेळेशी संबंध जोडणारा माणूस या छंदात फार टिकत नाही.

मग बजेट. एका घड्याळाला चार हजारांच्या वर एक रुपया घालणार नाही, असं पहिल्याच दिवशी घरात सर्वांसमोर जाहीर करा आणि हे व्रत कडकडीत पाळा. ऑफिसात कोणी पन्नास हजारांचं स्विस घड्याळ घालून आला, तर त्याच्याकडे दयेने बघून म्हणा, "एवढे पैसे मनगटावर? वेड लागलंय का?" घरी येऊन आपला ड्रॉवर उघडा. एकवीस घड्याळं, सरासरी अडीच हजार. गुणाकार करू नका. स्वस्त वस्तू एकेकटीच मोजायची असते.

श्रीगणेशा कॅसिओ एफ-९१डब्ल्यूने करावा. १९८९ पासून हे प्लास्टिकचं घड्याळ जवळपास त्याच रूपात विकलं जातंय. वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं चालतो, महिन्याला फार तर ३० सेकंद इकडेतिकडे. गजर आहे, स्टॉपवॉच आहे, तारीख आहे, मिणमिणता हिरवा दिवासुद्धा आहे. घड्याळाकडून माणसाला जे हवं ते सगळं यात मिळतं, आणि नेमकी हीच त्याची खोट. पुढची सात वर्षं तुम्ही करायचं काय? तेव्हा कौतुकाचे चार शब्द बोलून ते ड्रॉवरमध्ये ठेवा आणि ऑटोमॅटिककडे, म्हणजे सेलशिवाय चालणाऱ्या घड्याळांकडे, वळा.

जुनं, वापरलेलं सिको ५ शोधा (नवं व्रतात बसत नाही). त्यातलं ७एस२६ हे मशीन दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे गेलं तरी कंपनीच्या हिशोबाने ते ठणठणीत असतं. म्हणजे आठवड्याला पाच मिनिटं. कोणी नाक मुरडलं तर त्याला क्वार्ट्झची, म्हणजे सेलवरच्या घड्याळांची, दुसरी बाजू ऐकवा: तो स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्यात कसला आलाय जिवंतपणा? आपलं मशीन सेकंदाला सहा ठोके देतं, सावकाश, माणसासारखं. फक्त एक इतिहास सांगू नका. १९६९ च्या नाताळात याच सिकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. एवढ्यात छोटी मोटार येत असे. त्या वेळी अचूकपणा ही चैन होती. आता ती हजाराच्या आसपास मिळते, म्हणून आपल्यासारख्या रसिकांना नकोशी झाली.

सिको ५ च्या या मशीनला हाताने चावी देता येत नाही. ते मनगटाच्या हालचालीवर चालतं आणि काढून ठेवलं की दोनेक दिवसांत बंद पडतं. त्यामुळे एकवीसपैकी बरीचशी घड्याळं कायम झोपलेली. सकाळी त्यातलं एक उचला आणि होमिओपॅथीच्या बाटलीसारखं हलवा. वार लावा, तारीख लावा. पण रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये तारखेला हात लावायचा नाही, कारण त्या सुमाराला आतली चाकं तारीख बदलायच्या कामाला लागलेली असतात, दाते तुटतात. वर्षात पाच महिने एकतिसाव्या दिवसाविना संपतात, तेव्हा तारखेची बारा घड्याळं असतील तर साठ वेळा ती पुढे सरकवणं आलंच. आणि हो, लावण्यासाठी बरोबर वेळ लागते. ती मोबाइलमध्ये बघा.

दोन घड्याळांत दोन वेळा दिसतात म्हणून ओशाळू नका. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटं मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता. आपला ड्रॉवर त्याच बाण्याचा आहे.

आता डायव्हर. हे घड्याळ २०० मीटर पाण्यात चालतं. तुमच्याबरोबर ते जाईल ते जास्तीत जास्त जुलैतल्या सिंहगड रोडवरच्या पाण्यात, तेही चपला हातात घेऊन. (ज्यावर ३० मीटर लिहिलंय ते मात्र घालून विहिरीत उडी मारू नका. त्याचा अर्थ हात धुताना जपून, एवढाच.) डायव्हरची फिरती कडा पाण्याखालची मिनिटं मोजायला असते. घरी ती कुकरला उपयोगी पडेल असं वाटतं, पण आपला कुकर शिट्ट्यांवर चालतो. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, घेतलंत तर कडेला वेग मोजायची पट्टी मिळेल. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले ते बघायचं, की समोर ताशी वेग हजर. या पट्टीवरचा सर्वांत छोटा आकडा साधारण ६० असतो. संध्याकाळी सात वाजता, पुन्हा सिंहगड रोडवर, तो एकदा गाठून दाखवा.

घरातली माणसं हा विषय नाजूक आहे. सगळी घड्याळं काळ्या डायलची घ्या, म्हणजे नवं आलेलं कळत नाही. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा. पट्टे मात्र खुशाल रंगीबेरंगी आणा. पट्टा बदलला की घड्याळ नवं वाटतं, असं सगळे सांगतात. खरं आहे. पट्टा बदलताना पिन उडून सोफ्याखाली जाते आणि संबंध कुटुंब आडवं होऊन ती शोधतं. एरवी इतकी एकी दिवाळीतही दिसत नाही.

एचएमटीशिवाय मात्र संग्रहाला संग्रह म्हणू नये. सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही सरकारी घड्याळं: जनता, पायलट, सोना, कांचन. लोक वर्षानुवर्षं हातात बांधून होते तोवर त्यांत विशेष काही नव्हतं. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचं ठरवलं आणि ती एका रात्रीत 'वारसा' झाली. तुम्ही 'पायलट' शोधाल तेव्हा ते भगव्या, पोपटी, जांभळ्या डायलमध्येही मिळेल, चकचकीत, जसं काही काल कारखान्यातून निघालंय. कारखान्याने असे रंग केलेच नव्हते, असल्या शंका काढू नका. जुनं मशीन, घासलेली केस, नव्याने रंगवलेलं डायल. परदेशातले शौकीन या मिसळीला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव तर आपलंच आहे, अभिमान बाळगा.

एक पथ्य आहे. घरच्या गोदरेजच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेली, वडिलांची 'जनता' असेल. काच पिवळी पडलेली, पट्टा नाही. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टूं-टूंवर लावायची, सकाळी दात घासून झाले की चावी द्यायची, इतकंच त्यांना ठाऊक होतं. आतली ज्वेल (चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे) सतरा की एकवीस, त्यांनी कधी मोजली नाहीत. निवृत्तीच्या दिवशीही तीच हातात होती. ती संग्रहात धरू नका. फुकट मिळालेल्या वस्तूला पार्सल येत नाही, खोका उघडायचा नसतो, घासाघीस नसते. हुबेहूब तशीच दुसरी दोन-अडीच हजारांत विकत घ्या. आणि कपाटातलीला चावी देऊन बघू नका. चालू लागली तर पंचाईत होईल.

असो. आज रात्री बारापासून सेल आहे. घड्याळातला नव्हे, तो दुसरा. बाविसाव्यासाठी काळं डायल हेरून ठेवलेलं बरं. बाराचा गजर लावा, पण मोबाइलवर लावा. स्वस्तातल्या घड्याळांच्या भरवशावर राहाल आणि सेल हुकेल.