यशवंतराव शेवटी हरलेच ना? तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर

दादा, नमस्कार. तुम्ही सविस्तर आणि मनापासून लिहिलंत, म्हणून दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना. तुमचं म्हणणं असं की जो राजा शेवटी इंग्रजांपुढे हरला आणि ज्याची फौज लुटीवर जगली, त्या यशवंतराव होळकरांकडून इंदूरच्या व्यापाऱ्याने काय शिकायचं, शिकायचं तर जिंकलेल्याकडून शिकावं.

आधी लुटीचं बोलतो, कारण ते तुमचं खरं आहे. १७९७ मध्ये भाऊ मल्हारराव पुण्यात मारला गेला, यशवंतराव स्वतः नागपूरला कैदेत पडले, तिथून सुटले तेव्हा हातात ना मुलूख ना खजिना. फौज उभी राहिली ती लुटीच्या आशेवर, पगार थकला की कुरबुर सुरू, म्हणून एका जागी थांबायची सोयच नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात नव्या ऑर्डरच्या अ‍ॅडव्हान्समधून जुनी उधारी फेडणाऱ्याला हे लगेच कळेल, एक महिना ऑर्डर आली नाही की सगळं बसतं. यात कौतुक काहीच नाही, पण शिकण्यासारखं भरपूर आहे.

आता हरण्याचं. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांचा कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याच्या घाटापुढे आला, रसद संपत आलेली, गुजरातकडून येणारा दुसरा इंग्रज अधिकारी मरे मागे सरकल्याची बातमी, म्हणून हाही फिरला. यशवंतरावांनी घोडदळ त्याच्या पाठीवर लावून दिलं. माळव्याची काळी माती पावसात कशी होते ते आपल्याला सांगायला नको, त्या चिखलात तोफा अशा रुतल्या की कानात खिळे ठोकून, निकामी करून तिथेच सोडाव्या लागल्या, पुढे नद्यांना पूर, बनासच्या उतारावर तर मोठी कापाकापी झाली. ऑगस्टअखेर आग्र्याला जे पोचलं त्याला फौज म्हणवत नव्हतं. आणि ह्याच ऑगस्टात मरेने परत पुढे येऊन आपलं इंदूर घेतलं, तरी यशवंतराव मागे वळले नाहीत!

मग ऑक्टोबरमध्ये तेच यशवंतराव दिल्लीच्या तटापुढे वेढा घालून बसले, आणि मला विचाराल तर गणित तिथे फिरलं. ज्याची सगळी ताकद पळत्या घोड्यात तो भिंतीपुढे थांबला. दिल्ली मिळाली नाही, पुढे पायदळ आणि घोडदळ वेगळं पडलं, १३ नोव्हेंबरला डीगला पायदळ मोडलं आणि १७ ला फर्रुखाबादेत इंग्रज सेनापती लेकने पहाटे घोडदळाची छावणी गाठली. माल भराभर फिरवून कमावणारा माणूस मोठं शोरूम घेऊन भाडं भरत बसतो ना, त्याने इतिहासाची ही दोन पानं जरूर वाचावीत. जिंकलेल्याच्या गोष्टीत हे सापडत नाही, तिथे सगळंच शहाणपण वाटतं.

पण माझ्या मते सगळ्यात महाग पडलं ते १८०३ साल. शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते, सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात लासवाडी आणि अडगाव, आणि होळकर बाजूला उभे. कारण होतं हो, शिंद्यांशी हाडवैर, १८०१ मध्ये त्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलेलं. पण शिंदे पडल्यावर पाच महिन्यांत इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी होळकरांच्या दारात आली आणि तेव्हा शेजारी कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे एकाच गल्लीतले दोन मसालेवाले भाव पाडून एकमेकांना संपवतात, मग बाहेरची मोठी कंपनी येते तेव्हा पहिला बंद पडलेला असतो आणि दुसऱ्यात दम नसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि बघवत नाही.

आणि "हरले" म्हणताना तह पण बघा ना. १८०२ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने वसईच्या तहावर सही केली तेव्हा कंपनीची सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख गळ्यात पडला. यशवंतराव लढून, पंजाबपर्यंत जाऊन, २४ डिसेंबर १८०५ ला बियासकाठी राजघाटला तहाला बसले. दावे बरेच सोडले, पण माळव्यातला बहुतेक मुलूख राखला आणि तैनाती फौज घेतली नाही. मधल्या काळात मॉन्सनची ती दशा आणि भरतपूरच्या किल्ल्यावरचे इंग्रजांचे चार फसलेले हल्ले पाहून लंडनवाल्यांचा जीव युद्धाच्या खर्चाने मेटाकुटीला आला होता, गव्हर्नर जनरल वेलस्ली परत बोलावला गेला होता. होळकरांवर तैनाती फौज बसली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहात, यशवंतराव गेल्यावर सहा वर्षांनी. समोरच्याला भांडण परवडेनासं करून मग बोलणीला बसणं ही हार असेल तर असो, मी ती माझ्या पोरांना नक्की शिकवीन.