इंटेलचं दुखणं गेल्सिंगरांच्या आधीचं आहे

इंटेलवरच्या एका लेखात म्हटलंय की या चिप कंपनीने फाउंड्रीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देण्याच्या धंद्याच्या नादात पैसा घालवला म्हणून गुंतवणूकदार चिडले ते योग्यच. मला हे अर्धंच पटतं. २०२१ मध्ये तेव्हाचे सीईओ पॅट गेल्सिंगरांनी दुसऱ्या कंपन्यांच्या चिप आपल्या फॅबमध्ये, म्हणजे चिप कारखान्यांत बनवून द्यायचं ठरवलं तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं की यात आधी वर्षानुवर्षं पैसा ओतावा लागतो, मग ऑगस्ट २०२४ मध्ये डिव्हिडंड बंद आणि १५ हजार लोक कमी करणार म्हटल्यावर शेअर एका दिवसात २६ टक्के आपटला, तो राग नेमका कशाचा होता? त्यांच्या आधी दहा नॅनोमीटरचं चिप बनवायचं तंत्र वर्षानुवर्षं रखडलं, चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारी ईयूव्ही मशीन वापरायला उशीर केला आणि त्याच काळात बायबॅकवर, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर अब्जावधी डॉलर उडवले, तेव्हा हेच मोठे फंड खूश होते हो!

मग २०२५ मध्ये नवे सीईओ लिप-बू टॅन म्हणाले, मोठं गिऱ्हाईक मिळालं तरच १४ए ही चिप बनवायची पुढची प्रोसेस पुढे नेऊ. तिमाही बघणाऱ्यांना बरं वाटेल, पण जी प्रोसेस पुढे चालू राहील की नाही याचीच खात्री नाही तिच्यावर कुठली कंपनी स्वतःची चिप डिझाइन करायला बसेल, डिझाइनलाच दोन-तीन वर्षं जातात. अमेरिकन सरकारने जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर घालायचं ठरवलं, ठीक आहे, पण भांडवल म्हणजे ऑर्डर नव्हे. मला यील्डचे, म्हणजे बनवलेल्यांपैकी किती चिप चांगल्या निघतात त्याचे आकडे आणि गिऱ्हाइकांची नावं हवीत, बाकी प्रेझेंटेशन खूप झाली.