मीटरवर शून्य आलं म्हणजे अर्थिंग झालं असं नाही

परवा सांगलीहून भाच्याचा फोन आला. कॅमेरे आणि नेटवर्किंगची कामं करतो. "मामा, पतसंस्थेत रॅक बसवलाय, नेटवर्कच्या सामानाचं लोखंडी कपाट. न्यूट्रल आणि अर्थमध्ये साडेतीन व्होल्ट दाखवतंय. बोर्डात लूप मारू का?" हे कुणी सांगितलं विचारलं, तर 'रॅक अर्थिंगचे पाच सोपे नियम' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवला. माझ्याकडे तो आधी तीनदा येऊन गेलाय. तेव्हा सोडून दिला होता. आता घरापर्यंत आला, तेव्हा बोलावंच लागेल.

नियम पहिला : 'न्यूट्रल-अर्थमध्ये २ व्होल्टच्या वर रीडिंग असेल तर रॅकच्या बोर्डात दोन्ही पिनांत वायरचा तुकडा टाका, शून्य येईल.' येणारच! दोन्ही प्रोब एकाच तारेला लावल्यावर आणखी काय येणार?

ते रीडिंग कुठून येतं ते आधी बघा. न्यूट्रल ही लोडचा करंट परत नेणारी तार, अर्थ ही फक्त गळती जमिनीत नेणारी. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, मेन बोर्डापासून ३० मीटर. एका तारेचा रोध साधारण ०.२२ ओहम. १० अँपिअर लोड असेल तर न्यूट्रलवर सव्वादोन व्होल्ट पडणारच. म्हणजे रीडिंग वाढलं तर लोड जास्त, वायर बारीक किंवा कुठंतरी जोड सैल. उपकरणांच्या कंपनीचा इंजिनिअर हे रीडिंग मागतो ते चूक नाही, एवढं मान्य. पण लूप मारला की नेमकी हीच खूण पुसली जाते.

वर न्यूट्रलचा करंट अर्थच्या तारेतून वाहायला लागतो. एका ऑफिसात वॉटर कूलरला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. कूलरवाला दोनदा येऊन गेला, काही सापडलं नाही. मी अर्थच्या हिरव्या तारेला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, लावला, तर सहा अँपिअर! तिथं एरवी काही मिलिअँपिअर असतात. मेन बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू जळून सुटलेला, रॅकमध्ये लूप मारलेला, आणि सगळा करंट अर्थिंगच्या खड्ड्यातून, जमिनीतून परत जात होता. नेट चालू, कॅमेरे चालू, म्हणून कुणाला पत्ता नाही. खड्डा ५ ओहमचा, म्हणजे चांगलाच म्हणायचा, तरी १० अँपिअरला ५० व्होल्ट होतात. आणि ते एकट्या रॅकवर नव्हे, त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आकडा आणखी चढतो.

नियम दुसरा याच्यावरही कडी करतो : 'लूपनंतर आरसीसीबी पडत असेल तर काढून साधी एमसीबी लावा.' आरसीसीबी गळती दिसली की लाइन तोडते, एमसीबी फक्त करंट जास्त झाला की. अरे, आरसीसीबी पडते कारण तिला तुमचा लूप दिसतो! बरं, लूप नसतानाही रॅकवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी कधीकधी पडते हे खरं. प्रत्येक पॉवर सप्लायमधून थोडी गळती अर्थकडे जाते, आणि दहा-बारा उपकरणांची गळती एकत्र झाली की आकडा जवळ येतो. तेव्हा रॅकचे दोन सर्किट करा, प्रत्येकाला वेगळी आरसीसीबी द्या.

तिसरा : 'रॅकसाठी बाहेर वेगळा रॉड ठोका, इमारतीच्या अर्थिंगला जोडू नका.' रॅकपासून मेन अर्थ पट्टीपर्यंत स्वतंत्र तार ओढली तर उत्तम, ती मीही ओढतो. पण सुटा रॉड नको. रॉडचा रोध २० ओहम धरा. फेजची, म्हणजे करंट आणणारी तार रॅकच्या पत्र्याला लागली तर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील, १६ची एमसीबी हलणारही नाही, आणि रॅकच्या पत्र्यात करंट तसाच राहील. शिवाय जवळपास वीज पडली की दोन अर्थमधला फरक नेटवर्क केबलमधून वाट काढतो. अर्थिंगचं आपलं मानक आयएस ३०४३, २०१८ ची आवृत्ती. इमारतीतले सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले हवेत आणि न्यूट्रलपासून एकदा वेगळ्या केलेल्या अर्थच्या तारेची पुढे पुन्हा न्यूट्रलशी गाठ घालायची नाही, हे दोन्ही त्यातच बघा. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा उघडावं.

चौथा, 'स्विचला तिसरी पिन लागत नाही.' स्विच म्हणजे इथं नेटवर्कच्या केबल जोडायची पेटी, तिसरी पिन अर्थची. दोन पिनांच्या प्लास्टिक अडॅप्टरला लागत नाही. पत्र्याच्या पेटीला, तीन पिनांच्या केबलला लागते. तोडलीत तर पेटीवर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात.

पाचवा, 'यूपीएस सर्वांत वर ठेवा, पुराचं पाणी लागत नाही.' २०१९ मध्ये सांगलीत पाणी कुठवर आलं होतं हे मी पाहिलंय, त्यामुळे यावर हसणार नाही. पण बॅटऱ्यांचं वजन वर गेलं की रॅक पुढे कलंडतो. पुराची भीती असेल तर अख्खा रॅक वरच्या मजल्यावर न्या, आणि यूपीएस तळाशीच ठेवा.

भाच्याला म्हटलं, लूप राहू दे, आधी मेन बोर्ड बंद करून उघड. तासाभराने फोटो आला. न्यूट्रलच्या तारा जिथं जोडतात त्या पट्टीचा एक स्क्रू काळवंडलेला, शेजारचं इन्सुलेशन वितळलेलं. वायर कापून नवीन टोक काढलं, घट्ट बसवलं. रीडिंग सव्वा व्होल्टवर आलं.

फोटोत मागे रॅकचं दार उघडं दिसत होतं. दार आणि चौकट जोडणारी विणलेली अर्थ पट्टी अजून पिशवीतच होती. पुन्हा फोन लावला.